अंबडचे पॅनेल, गंगापूर रोडचा लॅपटॉप

नाशिकमध्ये तंत्रज्ञानावर पोट भरणारी माणसे किती, याचा अंदाज बांधायला बसले की मोजायचे कुणाला, इथेच पहिला घोटाळा होतो. संगणकासमोर बसून कोड लिहिणारा तो तंत्रज्ञ, हे सगळ्यांना मान्य असते. पण अंबडच्या एखाद्या गाळ्यात कंट्रोल पॅनेलची वायरिंग करणारा, पीएलसीचे, म्हणजे कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, लॅडर लॉजिक (आकृतीसारखा प्रोग्राम) लिहिणारा, सिन्नरच्या कारखान्यात बंद पडलेली लाइन सुरू करायला रात्री-अपरात्री धावणारा माणूस स्वतःला आयटीवाला म्हणवत नाही आणि आयटीवालेही त्याला आपल्यात धरत नाहीत. वास्तविक या गावाचे तंत्रज्ञान संगणकाहून जुने आहे. नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाची यंत्रे १९२०च्या दशकापासून धडधडत आहेत, ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना १९६४ मध्ये आला, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी दोन-तीन पिढ्यांना टूलरूममधली, म्हणजे अचूक साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागातली, शिस्त शिकवली. तेव्हा नाशिकमध्ये तंत्रज्ञांचा समुदाय उभा करायचा असेल तर तो या दोन्ही प्रकारच्या माणसांचा असला पाहिजे, असे माझे मत आहे. आणि ते सगळ्यांना पटलेले नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

गेली काही वर्षे आम्ही काही जण मिळून महिन्यातून एकदा अशा लोकांची बैठक भरवतो. तिला बोधचिन्ह नाही, पदाधिकारी नाहीत आणि नावही धड नाही. सुरुवातीला येणारे बहुतेक जण माझ्यासारखे परतलेले होते. शिक्षण नाशिकला, नोकरी पुण्याला किंवा बंगळुरूला, आणि २०२० च्या टाळेबंदीत घरी आल्यावर पुन्हा जाण्याचे कारण उरले नाही, अशी ही मंडळी. इंदिरानगर, गोविंदनगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड इथल्या फ्लॅटच्या एखाद्या खोलीत बसून ती परगावच्या आणि परदेशच्या कंपन्यांची कामे करतात. पगार बंगळुरूचा आणि वीज महावितरणची, असे आम्ही थट्टेने म्हणतो. या माणसांचे सहकारी पडद्यावर असतात, आणि त्याच धाटणीचे काम करणारे कुणी समोरच्या इमारतीत राहते हे त्यांना वर्षानुवर्षे कळत नाही. पुण्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये किंवा चहाच्या टपरीवर जी ओळख आपसूक होते, ती इथे मुद्दाम घडवून आणावी लागते. कोणत्या कंपनीत माणसाला नीट वागवतात, कोणत्या कामाला सध्या काय मोबदला मिळतो, एखादे नवे साधन शिकण्यात वेळ घालवावा की नाही, ही माहिती जाहिरातीत छापलेली नसते. ती बोलण्याबोलण्यातून हाती लागते, आणि बोलायला माणूसच नसेल तर दहा वर्षांचा अनुभव असलेला अभियंतासुद्धा चाचपडत राहतो.

नाशिकला चांगल्या श्रोत्यांची कधीच वाण नव्हती. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, दर मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते, आणि वक्ता कितीही वेळ बोलला तरी शांतपणे ऐकून घेणारा वर्ग इथे पिढ्यानपिढ्या तयार झाला आहे. मला या परंपरेचा अभिमान आहे. तरीही व्यावसायिक ओळखी जोडण्याच्या कामात हीच सवय आडवी येते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. शहरातल्या तंत्रज्ञानाच्या बहुतेक कार्यक्रमांना व्याख्यानाचेच रूप येते: दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचा लांबलचक परिचय, शाल-श्रीफळ, मग भाषण, वेळेअभावी आटोपती घेतलेली प्रश्नोत्तरे आणि आभारप्रदर्शन. दोनशे माणसे तीन तास एका छताखाली बसतात, आणि बाहेर पडताना प्रत्येकाला फक्त वक्त्याचे नाव ठाऊक झालेले असते. शेजारच्या खुर्चीवर कोण होते, हे विचारण्याची फुरसत कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसते. कुणी म्हणेल की चहाच्या वेळेत ओळखी होतातच. होतात, पण त्या आधीच ओळखत असलेल्यांच्या होतात.

बैठक कशी असावी याचा विचार करताना मला कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबची रचना फार उपयोगी पडली. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये या क्लबची पहिली बैठक झाली. फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी ती बोलावली होती. जमलेल्यांची संख्या तीसच्या आसपास होती आणि निमित्त होते अल्टेअर ८८०० या, सुटे भाग घरी जोडून तयार करायच्या संगणकाचे. पुढे गर्दी वाढली, बैठका स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कण-प्रवेगक संशोधन केंद्राच्या सभागृहात होऊ लागल्या आणि सूत्रे ली फेल्सनस्टाइन यांच्याकडे आली. त्यांनी बैठकीचे दोन भाग पाडले. पहिल्या भागात ज्याला काही हवे आहे किंवा ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, त्याने हात वर करून तेवढेच थोडक्यात सांगायचे. दुसऱ्या भागात सगळ्यांनी जागेवरून उठायचे आणि ज्याच्याशी काम आहे त्याला गाठायचे. पुढे अ‍ॅपल कंपनीचे एक संस्थापक झालेले स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक पहिल्या बैठकीपासून येत असत, आणि पुढे अ‍ॅपल १ म्हणून विकल्या गेलेल्या आपल्या संगणकाचे आराखडे त्यांनी याच क्लबात फुकट वाटले. या हकिगतीतून लोक गॅरेजची दंतकथा तेवढी उचलतात. मला तिच्यातले वेळापत्रक अधिक मोलाचे वाटते, कारण अनोळखी माणसाकडे जाऊन बोलण्यासाठी लागणारे निमित्त ते वेळापत्रक प्रत्येकाच्या हातात ठेवते.

आमच्या बैठकीत म्हणूनच भाषण नसते. आलेल्या प्रत्येकाने उभे राहून आपले नाव, सध्याचे काम आणि सध्या अडलेली एक गोष्ट सांगायची, एवढा एकच आग्रह आम्ही धरतो. नाव आणि हुद्दा लोक सहज सांगतात. अडलेली गोष्ट सांगताना घसा खाकरतात. चारचौघांत आपले अज्ञान उघडे करण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि शिक्षणाने ती लाज कमी होण्याऐवजी वाढते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या फेरीत 'तसे काही विशेष अडलेले नाही' असे म्हणणारा माणूस दुसऱ्याची अडचण ऐकून तिसऱ्या महिन्यात बोलता होतो. त्यासाठी आयोजकांनी आधी आपली खरीखुरी, आजची अडचण मांडावी लागते. गेल्या वर्षी सुटलेली आणि आता किस्सा झालेली चालत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. एका तरुणाने कारखान्यातल्या वीजमापकांचे आकडे मॉडबसवरून, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, गोळा करून पडद्यावर दाखवणारी प्रणाली बनवली होती, आणि दिवसाच्या काही ठरावीक वेळी त्यातले आकडे गायब होत. त्याने कोडमध्ये जेवढे शक्य होते तेवढे केले होते: प्रतीक्षेची मुदत वाढवली होती, उत्तर न आल्यास पुन्हा विचारण्याची सोय केली होती, डेटाबेस बदलून पाहिला होता. त्याचे बोलणे संपताच मागच्या रांगेतून एका पॅनेल बनवणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "शेवटच्या मीटरला एकशेवीस ओहमचा रेझिस्टर लावलाय का? आणि तुमची केबल मोटारींच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलीय का?" तरुणाला दोन्ही प्रश्नांची उत्तरे माहीत नव्हती, कारण वायरिंग त्याने पाहिलेच नव्हते, ते दुसऱ्या कंत्राटदाराचे काम. असे संदेश वाहणाऱ्या आरएस-४८५ प्रकारच्या तारेची दोन्ही टोके योग्य रोध (रेझिस्टर) लावून बंद केली नाहीत तर टोकावर आदळून संदेश परत फिरतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. शिवाय मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह सुरू झाले की शेजारून जाणाऱ्या तारेत गोंगाट उतरतो. आकडे गायब होण्याच्या वेळा आणि मोठ्या मोटारी चालू होण्याच्या वेळा एकच निघाल्या. त्याच गृहस्थांची अडचण निराळी होती: पॅनेलच्या प्रोग्रामच्या 'अंतिम', 'अंतिम दोन', 'नक्की अंतिम' अशा फाइली पेनड्राइव्हवर साठत जाऊन कोणत्या कारखान्यात कोणती आवृत्ती चालू आहे हेच त्यांना कळेनासे झाले होते. तो प्रश्न त्या तरुणाने दोन संध्याकाळींत मार्गी लावला. हे दोघे एकाच शहरात राहत होते, आणि एकमेकांना भेटण्याचे त्यांना दुसरे कोणतेही कारण नव्हते.

अशी देवाणघेवाण नाशिकला नवी नाही. निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या भागातला द्राक्ष बागायतदार हेच करत आला आहे. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर डावणी हा बुरशीचा रोग दिसला की तो शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये जाऊन पाने उलटी करून पाहतो, कोणती फवारणी कोणत्या दिवशी घेतली हे विचारतो, आणि शेजारी सांगतो. बाजारात तोच त्याचा स्पर्धक असला तरी सांगतो, कारण रोग बांध ओळखत नाही. १९६०च्या दशकापासून द्राक्ष बागायतदार संघ, त्यांची चर्चासत्रे आणि 'द्राक्षवृत्त' हे मासिक यांनी या विचारपुशीला एक व्यवस्था दिली. शिकलेल्या बागायतदाराने न शिकलेल्याला विचारावे आणि उलटही घडावे, यात तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. संगणक अभियंता झालेली मुले याच गावांतून आलेली असूनही शहरातल्या फ्लॅटमध्ये ही रीत त्यांच्याबरोबर आलेली नाही, याचे मला नवल वाटते.

नोकऱ्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि तो रास्त आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बोस्टनजवळच्या न्यूटन इथल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकरदारांची माहिती दिली आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. ५५ टक्क्यांहून अधिक जणांच्या बाबतीत ती ओळख अधूनमधून भेटणाऱ्याची, आणि सुमारे २८ टक्क्यांच्या बाबतीत वर्षातून एखादे वेळी भेटणाऱ्याची किंवा त्याहूनही विरळ होती. कारण उघड आहे: जिवलग मित्राला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते, नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या जुन्या निरीक्षणाला एक महत्त्वाची जोड मिळाली. अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम पुसट ओळख अधिक उपयोगी ठरली. आणि डिजिटल उद्योगांत दूरच्या ओळखी कामाला येतात, तर ज्या उद्योगांत डिजिटल साधनांचा वापर कमी, तिथे घट्ट संबंधच नोकरी बदलायला मदत करतात.

हा दुसरा भाग वाचून मला आमच्या बैठकीतले एक कोडे उलगडल्यासारखे झाले. संगणकवाले एकदोनदा भेटलेल्या माणसाला निःसंकोच निरोप पाठवतात, तो आपल्या कंपनीत नाव सुचवतो आणि काम होते. अंबडच्या टूलरूममधला माणूस मात्र ज्याच्याबरोबर दहा वर्षे पाळी केली त्याच्याच शब्दावर जागा बदलतो, आणि त्याला कामावर घेणाराही त्याच शब्दावर घेतो, कारण मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणारा हात मुलाखतीत दिसत नाही. दोघांना एकाच प्रकारे 'नेटवर्किंग' करायला सांगणे व्यर्थ आहे. म्हणून आम्ही एकाच बैठकीवर भागवत नाही. मधूनमधून आठ-दहा जण एखाद्याच्या कामाच्या जागी जातो आणि तिथे हाताने काम करताना पाहतो. तेवढ्या सहवासाने जो विश्वास बसतो तो सभागृहात बसत नाही. तसेही सभागृह मिळवणे हा वेगळा व्याप आहे, आणि त्याची पत्रापत्री इथे सांगून वाचकाला दमवण्यात अर्थ नाही.

मालकांची धास्ती हा याहून नाजूक विषय. नाशिक अजून एवढे मोठे नाही की कोण कुठे दिसले हे कळू नये. 'तुमच्या बैठकीला आमची मुले येतात आणि नोकरी सोडून जातात' असे एका छोट्या कंपनीच्या संचालकांनी मला समोरासमोर सुनावले होते, आणि त्यांच्याकडचे दोघे खरोखरच गेले होते. त्यांच्या जागी बसून पाहिले तर ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. हाताशी धरून शिकवलेला माणूस पहिल्याच संधीला पुण्याची वाट धरतो, तेव्हा छोट्या उद्योजकाचे नुकसान खरे असते. पण माणसांना एकमेकांपासून झाकून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सोडून गेलेल्याने अमुक वर्षे त्याच धंद्यात काम करायचे नाही, अशी अट करारात घातली तरी भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ मुळे ती सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे बंधन मात्र टिकते आणि टिकायलाच हवे. म्हणून ग्राहकाचे नाव, आकडे, आराखडे बैठकीत उघड करायचे नाहीत, हा नियम आम्ही दर वेळी वाचून दाखवतो. त्यामुळे मालकांची भीती अर्धी कमी झाली. उरलेली अर्धी, ते स्वतः येऊन बसू लागल्यावर कमी झाली, कारण जाणाऱ्यांची दारे जिथे उघडतात तिथेच येणारेही भेटतात, हे त्यांना दिसले.

कोण येत नाही, याची यादी मी आलेल्यांच्या यादीपेक्षा काळजीने पाहते. संध्याकाळी सातची वेळ ठेवली की बायका गळतात. घरचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि परतीचा रस्ता यांपैकी एक तरी अडचण निघतेच. सकाळी अकराची ठेवली तर पहिल्या पाळीतले लोक गळतात. सर्वांना सोयीची वेळ अस्तित्वातच नाही हे मान्य करून आम्ही वेळ आलटून-पालटून ठेवतो, आणि ज्यांना मुले सोबत आणायची आहेत त्यांनी आणावीत, हे निमंत्रणातच लिहितो. मुलांच्या जन्मानंतर काही वर्षे काम सोडलेल्या दोघीतिघी अशाच आल्या. त्यांना कुणी प्रेरणादायी भाषण ऐकवायची गरज नव्हती. मधल्या काळात कोणती साधने मागे पडली आणि कोणती अजून तग धरून आहेत, एवढे सांगणारे माणूस हवे होते. बोलणे मराठीतच ठेवण्याचा निर्णयही असाच फळाला आला. सुरगाणा, कळवण, येवला भागातून शिकायला आलेली मुले इंग्रजीत विचारले तर मान डोलावतात आणि मराठीत विचारले तर समोरच्याला घाम फोडतात.

समान काम समोर असले की अपरिचित माणसे किती चटकन जुळतात, हे या शहराने २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी पाहिले आहे. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने त्याआधी कुंभथॉन नावाची, कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधण्याची शिबिरे झाली. गर्दी, आरोग्य, वाहतूक यांवर विद्यार्थी, डॉक्टर आणि प्रशासनातली माणसे एकत्र बसली. किती पावले पडली ते मोजणारी, दाब ओळखणारी चटई त्या वेळच्याच प्रयोगांतली. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पाठबळाने डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र इथे उभे राहिले. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, आणि पुन्हा तशीच धामधूम होईल. मी त्या उत्साहाच्या विरोधात नाही. पण सोहळ्याच्या जोरावर जमलेली माणसे सोहळ्यानंतर पांगतात, आणि दर महिन्याची बैठक ही कंटाळवाणी वाटणारी गोष्टच त्यांना धरून ठेवते, असे मला वाटते.

पैशांबद्दल थोडेच. चहा-बिस्किटांचा खर्च आळीपाळीने कुणीतरी करते. प्रायोजक मिळतात, पण प्रायोजकाला दहा मिनिटे दिली की ती चाळीस होतात. नोकरभरती करणाऱ्यांना मज्जाव नाही, मात्र त्यांनी जागा सांगताना पगाराचा पल्लाही त्याच वाक्यात सांगायचा, ही अट ऐकून निम्मे लोक परत येत नाहीत. पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्यांना तर आम्ही दारातूनच निरोप देतो. संस्था नोंदवून टाका, असा सल्ला वडीलधारे देतात. सात माणसे जमवून ती नोंदवता येईलही, पण मग धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज, लेखापरीक्षण, अध्यक्ष कोण आणि सचिव कोण हे सगळे ओघाने येईल, आणि अध्यक्षपद निर्माण झाले की त्यावरून रुसवेफुगवे झाले नाहीत अशी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

सध्या मात्र वाद वेगळाच पेटला आहे. सूत्रे हळूहळू दोन तरुण सहकाऱ्यांकडे जात आहेत आणि त्यांचे म्हणणे असे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांची बैठक वेगळी काढावी, कारण त्यांच्या अडचणी इतरांना कळत नाहीत आणि पॅनेलवाल्यांच्या अडचणींत त्यांचा वेळ जातो. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. बैठक लांबते, आणि आपल्या विषयाचे निघेपर्यंत काही जण उठून जातात. माझा विरोध कायम आहे, आणि एकशेवीस ओहमचा किस्सा मी त्यांना इतक्यांदा ऐकवला आहे की तो सुरू केला की ते हसतात. तीन महिने वेगळी बैठक घेऊन पाहावी आणि त्या काळात दोन्हीकडे कोण येते, कोण गळते याची नोंद ठेवावी, एवढ्यावर तूर्त तडजोड झाली आहे. पहिल्या वेगळ्या बैठकीसाठी त्यांनी निवडलेली जागा अंबडची आहे, कारण कॉलेज रोडपेक्षा तिथे गाड्या लावायला जागा मिळते.